चाकाआडचा लाल रंग

हिंगोली जिल्ह्यात एखादी वस्तू बिनरंगाची दिसली, तर खुशाल समजावं की आमच्या साडूंची नजर अजून तिच्यावर पडलेली नाही. दारं-खिडक्या तर सोडाच, पण पाण्याची टाकी, विहिरीवरच्या मोटारीची पेटी, विळ्याची मूठ, बाजेचे पाय, सगळं त्यांच्या ब्रशाखालून गेलेलं आहे. एकदा कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा त्यांनी कुत्र्याच्या गळ्यातच हिरवा केला, आणि ते बिचारं बरेच दिवस हिरव्या मानेनं गावभर हिंडत होतं. आम्ही दोघं एकाच घरचे जावई. ते थोरले, मी धाकटा. कळमनुरी रोडच्या फाट्यावरून आत त्यांचं गाव, आणि माझं हिंगोलीत कापडाचं दुकान. पण माझ्या कापडाला त्यांच्या लेखी मान आहे तो फक्त चिंध्यांपुरता. दुकानात आले की गादीवर बसणार नाहीत, चहाला नको म्हणणार, आणि सरळ विचारणार, "पाव्हणं, सुती चिंधी हाये का? टेरिकॉट देऊ नका बरं, त्येनं रंगाला ओरखडे पडतेत." गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, मी तागा उलगडून त्याची स्तुती करत असतो, आणि साडूभाऊ त्याच ताग्याचा कोपरा दोन बोटांत चुरगाळून म्हणतात, "हे बेस हाये. पुसायला."

ही खोड मुळात बैलांमुळं लागली. त्यांच्याकडं लालकंधारी जोडी होती, हिऱ्या आणि मण्या. पोळा जवळ आला की साडूभाऊंचं शेतातलं लक्ष उडायचं. शिंगं तासायची, काचेनं घासायची, एका रंगावर दुसरा हात द्यायचा, तो वाळेस्तोवर गोठ्याच्या दारात राखण करत बसायचं. पोळ्यात माणसं बैल सोडून शिंगंच बघत राहायची. एकदा मण्यानं मान हलवली आणि त्याच्या शिंगाचा ओला पिवळा रंग माझ्या नव्या कोऱ्या सदऱ्याच्या बाहीला लागला. मला वाटलं, साडूभाऊ हळहळतील. हळहळले खरे, पण म्हणाले, "नेला ना पाव्हण्यानं घासून. आता परत हात द्या." त्या दिवशी पंगतीत माझ्या शेजारी बसूनही त्यांनी माझ्याकडं ढुंकून पाहिलं नाही.

पुढं त्यांचे गुडघे गेले, शेतात ट्रॅक्टर फिरायला लागला, गडी टिकेना, आणि साडूभाऊंनी जोडी सेनगावकडच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकली. इथपर्यंत कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण दिली केव्हा, तर त्यांची मंडळी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं हिंगोलीला होती तेव्हा. ही माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. साडूभाऊंचं म्हणणं, "तिच्या म्होरं दावं सोडायला माझा हात उठला नसता." खरं असेल. पण आक्का परत गेली ती डोळ्यावर काळा चष्मा लावून, आणि घरात न शिरता आधी गोठ्यात गेली. सवयीनं मण्याच्या पाठीवर ठेवायला हात पुढं केला, तो लागला गार पत्र्याला. गोठ्यात पांढरी, सेकंडहँड मोटार उभी होती. आक्का रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "त्येंच्या जागी आणून उभ्या केलेल्या डब्यात मी बसणार न्हाई."

आक्काचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यानंतर आक्का कुठंही निघाली की फाट्यापर्यंत पायी, आणि पुढं एसटीनं नाहीतर जीपनं. साडूभाऊ आपली गाडी घेऊन त्या एसटीच्या मागं. आमच्याकडं लग्नाला आले तेव्हाचा देखावा सगळ्या गल्लीनं पाहिला. पुढं आक्का, हातात पिशवी, पदर खोचून झपाझप चाललेली, मागं माणसाच्या चालीनं सरकणारी रिकामी गाडी, आणि काचेतून डोकं बाहेर काढून साडूभाऊ म्हणतायत, "अगं, पिशवी तरी ठिव." आक्कानं पिशवीसुद्धा ठेवली नाही. वास्तविक गाडी घेतली होती ती तिच्यासाठीच. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही दुसरीकडं बघत. त्यांना त्या गाडीतून मुंबई-पुणं बघायचं नव्हतं. आक्कानं एकदा शेजारी बसावं, बस्स. त्यासाठी त्यांनी माझ्याच दुकानातून तिच्या आवडीच्या मोरपंखी रंगाचं कापड नेऊन सीटची कव्हरं शिवली. आक्का कव्हरं बघून म्हणाली, "कापड चांगलं हाये." आणि एसटी धरायला गेली.

अशातच साडूभाऊंना कॅलिपर सापडला. मोटारीच्या पुढच्या चाकाआड एक लोखंडी तबकडी फिरते आणि ब्रेक दाबला की तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारा एक ठोकळा असतो, तो कॅलिपर. शहरातली हौशी पोरं तो लाल-पिवळा रंगवतात आणि चाकाच्या जाळीतून तो झळकतो, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं मात्र, त्यांच्या जिवाला चैन पडेना. पहिल्या खेपेला त्यांनी शिंगांचा उरलेला ऑइलपेंटच फासला. कयाधूच्या पुलाकडं उतारावर ब्रेक तापला आणि दोन्ही चाकांतून असा धूर निघाला की मागून येणाऱ्या जीपवाल्यानं गाडी थांबवून पाण्याची बाटली ओतली. गावात बोभाटा झाला की साडूभाऊंच्या गाडीला बिडीचं व्यसन आहे. मग कळलं की त्याला आच सोसणारा वेगळा रंग मिळतो. त्याहून भारी म्हणजे पावडर कोटिंग. त्यात रंगाची भुकटी उडवायची आणि भट्टीत भाजायची. आता भट्टी कुठली? सुनेनं पुण्याहून आक्काला केकसाठी ओव्हन पाठवला होता. साडूभाऊंनी नमुना म्हणून त्यात कोयंडा भाजला. कोयंडा देखणा झाला, नाही म्हणत नाही. पण पुढं दिवाळीत आक्काच्या नानकटाईला जो वास आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. मी एक खाल्ली आणि माझ्या पोटाला गंज चढायची भीती कायमची गेली.

शेवटी त्यांनी ब्रशाचा मार्ग धरला, आणि त्याचं शास्त्र बनवलं. गाडी जॅकवर चढवायची, खाली लाकडी ठोकळे लावायचे, चाकं काढायची, तारेच्या ब्रशानं गंज उडवायचा, तबकडीला कागद गुंडाळून चिकटपट्टी लावायची, आणि मग एकेक पातळ हात. दरवर्षी, आणि तेही बरोब्बर पोळ्याच्या तोंडावर. या कामात माझं पद चिंधी पुरवणाऱ्याचं. तबकडीजवळ बोट नेलं की ते खेकसत, "हात काढा. तिला तेलाचा थेंब लागला तर ब्रेक धरणार न्हाई. जीव जाईल कोनाचा तरी." एका वर्षी मी वैतागून विचारलं, "साडूभाऊ, चाक बसवल्यावर दिसतो तो बोटभर लाल तुकडा. त्यासाठी एवढा आटापिटा काहून?" ते ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, "पोळा आला की हात शिवशिवतेत, पाव्हणं. घरी शिंगं न्हाईत. मंग काय रंगवू?" मी आणखी एक चिंधी फाडून दिली.

गेल्या वर्षीच्या पोळ्याला आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडं गेलो होतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि त्याच्या कानाशी आवतण द्यायचं, की उद्या जेवायला या. ज्यांच्या घरी बैल त्यांच्या घरी वाट्या निघाल्या. साडूभाऊंच्या गोठ्यात चाकं काढलेली गाडी ठोकळ्यांवर उभी होती, कॅलिपर लालभडक झाले होते, आणि साडूभाऊ तबकड्यांवरचे कागद काढून पारावर वाद घालायला गेले होते. वाद असा, की उद्या मारुतीच्या देवळासमोर बैलांच्या रांगेत, शेवटी का होईना, आपली गाडी उभी करायची. एक म्हातारबा म्हणाले, "पोळा शिंगवाल्यांचा असतो. तुझ्या गाडीला शिंगं कुठं हायत?" साडूभाऊ म्हणाले, "चाकात हायत. उद्या वाकून बघा." एवढ्या बिनतोड उत्तरावर परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी साडूभाऊंनी घाईघाईनं चाकं चढवली, झेंडूच्या माळा घातल्या आणि मला शेजारी बसवलं. ती जागा खरी कोणाची हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आक्का आणि माझी बायको ओवाळणीची ताटं घेऊन आधीच देवळापाशी गेल्या होत्या. देवळाकडं जायला थोडा उतार आहे. खाली तोरण, तोरणाखाली झुली घातलेले बैल, हलग्या वाजतायत, आणि आम्ही वरून डौलात उतरतोय. साडूभाऊंनी ब्रेक दाबला. गाडीनं जरा विचार केल्यासारखं केलं आणि पुढं निघाली. त्यांनी परत दाबला. मागची चाकं बिचारी जीव तोडून धरत होती, पण पुढची डावी बाजू कशाचंच ऐकेना. "पाव्हणं, ब्रेक लागून न्हाई राहिला," हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मी मारुतीऐवजी त्यांच्याच नावाचा धावा केला. गाडी उजवीकडं ओढली गेली, बैलांची रांग डावीकडं सुटली, आणि आम्ही कोण्या पुण्यवान माणसानं गुरांसाठी रचून ठेवलेल्या कुटाराच्या ढिगात तोंड खुपसून थांबलो. काचेवर कुटार, बोनेटवर कुटार. मी दार उघडलं तर माझ्या मांडीवरही कुटार.

कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. साडूभाऊ उतरले, आणि जॅक काढून तिथंच डावं चाक उघडायला बसले. सारा पोळा बैल धरून भोवती गोळा झाला. चाक निघालं. लाल कॅलिपर जागच्या जागी होता. त्याखाली तबकडी पिवळीधमक, तुपकट, लकलकत होती. साडूभाऊंनी बोट फिरवलं, नाकाशी नेलं. लोणी आणि हळद. उजवं चाक उघडलं तर त्या तबकडीलाही होती, पण जेमतेम बोट फिरवल्यासारखी.

आता भडका उडणार, हे मी ओळखलं. ओल्या शिंगाला बाही लागली म्हणून पंगतीत तोंड फिरवणारा हा माणूस. त्यांनी मान वर केली. बायकांच्या घोळक्यात आक्का ताट धरून उभी होती. हलग्यासुद्धा थांबल्या होत्या.

"आवतण दिलतं व्हय?" साडूभाऊंनी विचारलं.

"दिलं," आक्का म्हणाली. "काल साऱ्या गोठ्यांतून दिलं. आपल्याच गोठ्यात काहून राहावं?"

"डाव्याला जास्ती लावलं."

"मण्याचा खांदा दुखरा होता," आक्का म्हणाली. "त्यो डावीकडूनच चालायचा न्हवं."

साडूभाऊंनी माझ्याकडं न पाहता हात मागं केला. मी खिशातली चिंधी दिली. मला वाटलं ते तबकडी पुसतील. त्यांनी आधी डोळे पुसले, आणि वर म्हणाले, "कुटार गेलं डोळ्यात." खरं तर कुटार सगळं माझ्याच अंगावर होतं.

गावातल्या गॅरेजवाल्यानं तबकड्या धुऊन दिल्या, आतले ब्रेकचे गुटके बदलले, आणि पोळा फुटल्यावर गाडी परत देवळापाशी आली. आक्कानं पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणपोळीचा तुकडा बोनेटवर ठेवला. मग पुढचं दार उघडून मोरपंखी सीटवर बसली. साडूभाऊंना गाडी सुरूच करता येईना. किल्ली सापडेना, आणि ती होती त्यांच्याच हातात. मी आणि माझी बायको घरापर्यंत पायी गेलो. आम्हाला कोणी बसा म्हणालंही नाही, आणि आम्हीही बसलो नसतो.

आता आक्का एसटीनं जात नाही. परवा आम्ही चौघं त्यांच्या गाडीतून नरसीला दर्शनाला गेलो होतो. साडूभाऊंना गाडी चालवताना कोणी काही सांगितलेलं खपत नाही. मी एकदा "गिअर बदला" म्हणालो होतो, तर त्यांनी मला कळमनुरीच्या बाजारात उतरवून दिलं होतं. परतीच्या वाटेवर उतार लागला, त्यांनी ब्रेक दाबला, आणि डाव्या चाकातून बारीकसा कुईं आवाज आला. आक्का खिडकीतून सोयाबीन बघत होती. नजर न वळवता ती हळूच म्हणाली, "मण्याला तकलीफ हून राहिली."

"व्हय," साडूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी गाडी बैलाच्या चालीवर आणली.