भासऱ्याचे हात

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, कारण आमच्या घरात ती आधीच सांगून झालेली आहे, आणि ती खोटी आहे. खोटी मीच सांगितली.

अकोल्याजवळच्या एका सूतगिरणीत मी माल रवानगीचा प्रमुख होतो, आणि धाकट्या भावाची बायको सुनंदा माझ्याच हाताखाली कंत्राटी कारकून. भाऊ पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला. घर तिच्या पगारावर. आता आमच्याकडे भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, भावजयीशी थेट बोलायचं नाही. स्पर्श तर लांबच. (ती येताना दिसली तरी मी खाकरून वाट सोडत असे!) त्यामुळे आमचा सगळा कारभार मधल्या टेबलावरच्या रफीकभाईंमार्फत चाले.

"रफीकभाई, भासऱ्यायले सांगा, गेटपासवर सही राह्यली."

"अवो म्याडम, ते समोरच तं बसून हायेत!"

"तुमी सांगा तं खरं!"

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता आणि गावाकडून फोन आला की आधी 'कोण गेलं?' असंच विचारायचो. गिरणीही आचके देत होती. अशा वेळी संचालकांना काय सुचावं? कर्मचाऱ्यांमधला संवाद सुधारावा! पुण्याहून प्रशिक्षक आले. त्यांच्या अहवालावरून कोणाला ठेवायचं ते ठरणार होतं.

पहिल्या खेळात आम्ही वर्तमानपत्रांचा मनोरा केला, तो पडला. दुसऱ्यात डोळे बांधून दोरीचा चौकोन करायचा होता. त्यात कॅशियरच गुंडाळला गेला! तिसरा खेळ विश्वासाचा. एकानं डोळे मिटून मागे पडायचं, दुसऱ्यानं झेलायचं.

"दोघं गावंडे?" यादीतलं आडनाव पाहून प्रशिक्षक खुश झाले. "वा! घरचीच माणसं. मग काळजीच नको!"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण पुण्याच्या माणसापुढे मागासलेलं दिसायचं कसं? सुनंदा रफीकभाईंकडे वळली.

"रफीकभाई, त्यायले म्हणा, मले हे नोकरी पायजे. मी डोये मिटून पडतो, धरजा म्हणा."

"साहेब, आयकलं नं?"

"धरतो म्हणा," मी म्हणालो.

ती पडली. अगदी मनापासून पडली! माझे हात पुढे गेले, समोर तिचा पदर आला, आणि हात आपोआप मागे फिरले. नुसते फिरले नाहीत, पाठीशी बांधलेही गेले!

"अरे, उचला कोनीतरी त्यायले!" मी ओरडलो. (ती माझ्या पायाशी पडली होती!)

रफीकभाईंनी धावत येऊन तिला उचललं. प्रशिक्षकांनी सवयीनं विचारून टाकलं, "तर यातून आपण काय शिकलो?"

तिचं कोपर मोडलं. "हात बरा झाला की या," असं सांगून गिरणीनं तिचं कंत्राट संपवलं. हात कधी सरळ झालाच नाही, आणि पुढे गिरणीलाच कुलूप लागलं. घरी मी सांगितलं, "फरशी ओली होती. तिचा पाय घसरला."

"हे हायेच धांदरट!" भाऊ अंथरुणातून म्हणाला.

ती प्लास्टरमधला हात सावरत आत गेली. भासऱ्याला खोटं कसं पाडणार? मग दर लग्नात पोरं तिला चिडवायची, "काकू, फरशी पाहून चाला!" सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मी.

भाऊ गेला. तिनं त्याच हातानं लोकांकडे पोळ्या लाटल्या.

गेल्या उन्हाळ्यात मनाशी ठरवून नांदगाव खंडेश्वरला तिच्या घरी गेलो. तिची लेक कामावर गेलेली. घरात ती एकटीच. डोक्यावर पदर घेऊन तिनं चहा आणून ठेवला आणि दाराआड उभी राहिली. माफीचं वाक्य मी एसटीत घोकून घोकून पाठ केलं होतं. घोट घेतला, खाकरलो आणि म्हणालो, "चहात साखर कमी हाय."

तिच्याशी थेट बोललेलं आयुष्यातलं ते माझं पहिलं वाक्य. ती लगबगीनं साखरेचा डबा घेऊन आली, वाकड्या हातात धरून. डॉक्टरांनी मला साखर बंद केली आहे. मी दोन चमचे घालून घेतले!