साडूंचं पथ्य

इंदापूर तालुक्यात माझ्या थोरल्या साडूंइतकं कडक पथ्य कुणी पाळलं नसेल. आज अख्खं वरकुटे म्हणतं, "म्हाताऱ्याला जीभ आवरली न्हाय, म्हणून पाय गेला आन् मागनं जीव." साफ खोटं आहे. रक्तात साखर निघाल्याचं कळलं, त्या दिवसापासून स्वतःच्या शेतातल्या उसाचं एक कांडं त्यांनी दाताला लावलं नाही. चहा बिनसाखरेचा, आणि तोही आधी सुनेनं घोट घेऊन दाखवल्यावर. नातीच्या लग्नात व्याह्यांनी पेढा भरवायला हात पुढे केला, तर यांनी तोंडावर उपरणं धरलं. "इख द्या, घेतो. पेढा न्हाय!" सकाळी कपाळावर आठी न आणता कारल्याचा रस प्यायचे, आणि मग निर्धास्त जेवायला बसायचे. चार भाकरी, बटाट्याची भाजी, वर भाताचा डोंगर. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, तीही दोनदा वाढून. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको अक्का, ओरडायची, "आवं, डॉक्टरनं कमी खायला सांगितलंय!" त्यावर ते माझ्याकडे बोट दाखवत. "गप गं. पाव्हण्यांचा जलम साखर मोजण्यात गेलाय. तुझा डॉक्टर कालचा."

ते पाव्हणे म्हणजे मी. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसातली साखर तपासण्यात माझी नोकरी झाली. त्या ऐटीत एकदा भर पंगतीत, अक्का आत चुलीपाशी असताना, मी सांगून टाकलं होतं, "गोड तेवढं सोडा, आबा. भाकरीत कुठली आलीय साखर? पोटभर खा." माणसाच्या पोटात काय होतं, याची मला काडीची माहिती नव्हती. पण चारचौघांत ते कबूल कोण करतो?

पायाची जखम चिघळली, तेव्हा त्यांना बारामतीला दाखवलं. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी शांतपणे समजावलं. भाकरी, भात, साबुदाणा, बटाटा, गोड लागो न लागो, पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. भाकरी सोडायची नाही, पण एकीवर थांबायचं. निम्मं ताट पालेभाजी आणि कोशिंबिरीचं, जोडीला मटकी नाहीतर डाळ. मग त्यांनी विचारलं, "पोटभर खा असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. साडूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोण सांगतंय, बाई? माझीच जीभ वंगाळ." अक्कानं कपाळावर हात मारला. मी चष्मा पुसत बसलो.

वर्षश्राद्धाला अक्का पुन्हा तेच म्हणाली, "शेवटपातूर माझं ऐकलं न्हाय." तेव्हा मात्र मला राहवलं नाही. पंगतीतलं, बारामतीतलं, सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती मला घराबाहेर काढेल. त्या तयारीनंच मी बोललो होतो. ती पदराचं टोक पिळू लागली. मग म्हणाली, "दवाखान्यात मी त्यांच्याशी महिनाभर धड बोलले न्हाय, पाव्हणं. राग धरला व्हता. त्यो उगाच व्हय?"

ती उठली, भिंतीवरच्या त्यांच्या फोटोखाली जाऊन बसली आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलू लागली. शब्द मला ऐकू येत नव्हते. ते माझ्यासाठी नव्हतेच. मी चपला घातल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.