नानिवाचा शेवट

पन्नास सालानंतर आम्ही आंजीला राहायला आलो. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. वर्ध्याच्या बाजारातून त्यांनी जुन्या युद्धनौकांवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं, आणि त्यातल्या एकाच बोटीवर त्यांचा जीव जडला होता. जपानची नानिवा. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता.

संध्याकाळी समोरचा सायकल दुरुस्तीवाला ओट्यावर येऊन बसे आणि नानिवा सुरू होई. इंग्लंडात बांधलेली, बाजूंना चिलखत नाही, पण आत, यंत्रांच्या वर, पोलादी पत्रा. आधी चीनशी लढली, मग रशियाशी. मी भाकऱ्या थापत ऐकायची. मी मॅट्रिक झालेली. ते पुस्तक मीही वाचलं होतं. पण मला ते बोटीचं कधी सांगत नसत. मला सांगत, रॉकेल संपलंय.

"चीन हरला असेल तर जेवून घ्या," मी आतून म्हणायची.

"थांबा वहिनी, आता रशियाची पाळी हाये," तो म्हणे, आणि दोघं हसत. ते हसणं मला बोचायचं.

मास्तर गेले. तेरवी झाल्यावर एका संध्याकाळी तो आला आणि त्यांची जागा सोडून ओट्यावर बसला.

"मले ती बोटच आठवून राह्यली, वहिनी. मास्तर सांगे, आता थकली म्हणून बंदरात बांधून ठेवली हाये. पोट्टे तिच्यावर बसून मासोळ्या धरतात म्हणे."

पुस्तकात असं काही नाही. सगळ्या लढायांतून वाचलेली नानिवा पुढे उत्तरेकडच्या एका बेटाजवळ खडकावर आदळली आणि तिथेच संपली. ते पान मला पाठ होतं. सांगून टाकावं असं ओठांवर आलंही. पण मला जे ठाऊक होतं, ते कुणालाही वाचता आलं असतं. याच्यासाठी मात्र त्यांनी बोट वाचवली होती. माझ्यासाठी त्यांनी कधी एवढंसंही काही रचलं नव्हतं. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि समोरचा तर दुपट्ट्याने डोळे पुसत होता.

"अजून काय सांगत होते?" मी विचारलं.

"लय सांगे. बसता काय?"

मी उंबऱ्याशी बसले. चूल पेटवायची तशीच राहिली.