खिशातला हात

माझा दादा यूट्यूबवरच्या प्रेमाच्या गाण्यांत हिरो आहे. एरवी तो चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीन चालवतो. कंपनीला गुरुवारी सुट्टी, म्हणून त्याचं प्रेमही फक्त गुरुवारी.

गाण्यात त्याचा उजवा हात कायम पँटच्या खिशात. हिरोइनची बट सावरायची ती डाव्या हातानंच. लोकांना ती स्टाइल वाटली. कंपनीच्या बसमध्ये पोरं तसाच हात खुपसून उभी राहायची आणि ब्रेक लागला की एकमेकांच्या अंगावर पडायची. खरं म्हणजे त्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. प्रेसखाली गेली. तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि दादा ओव्हरटाइमला.

डायरेक्टरला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं तर काम जाईल, ही दादाची भीती.

एका गुरुवारी डायरेक्टर म्हणाला, "आज अंगठी घालायची. हात अगदी जवळून घेऊ."

मी बॅगा सांभाळायला गेलो होतो. दादानं मला बाजूला ओढलं. "तुझे हात दे."

"दादा, मी घरातला पहिला ग्रॅज्युएट आहे."

"म्हणूनच तर. पेनाशिवाय काय धरलंय त्यांनी?"

डायरेक्टरला त्यानं सांगितलं, कंपनीतल्या तेलानं हाताची सालं निघालीत, भावाचे हात घ्या. मी दादाचा शर्ट घातला. हिरोइनचा हात हातात आला आणि माझे हात लटपटायला लागले.

"थोडं थरथरलं तर चालतं, भावा," डायरेक्टर म्हणाला, "पण अंगठी पडतेय."

नऊ टेक झाले.

गाणं आलं तेव्हा वहिनी कासारवाडीच्या आमच्या खोलीत मेथी निवडत होती. मोबाइलकडं बघून म्हणाली, "ही बोटं ह्यांची न्हाईत." मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. "भाऊजी, मी तुमच्यासाठी पोरी बघतेय आणि तुम्ही अंगठी घालूनसुद्धा मोकळे?"

दादानं सगळं सांगितलं. वहिनीनं मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला बघायला आला होता तेव्हा हात कुठं होता तुमचा?"

"मांडीवर."

"मग?"

पुढच्या गुरुवारी दादानं डायरेक्टरसमोर हात बाहेर काढला. मी लांब उभा होतो, काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही.

वहिनीनं दारातच विचारलं, "काम राहिलं का?"

"राहिलं. हात जरा लांबून घेणार म्हणाला."

"आणि भाऊजींचं?"

"त्याचं गेलं," दादा चप्पल काढत म्हणाला. "लई थरथरतो म्हणे."