पडले, मेले नाही

टेकडीवर रोज भेटणाऱ्या त्या बाईंचं नाव सांगत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि न आवडलेलं त्या तोंडावर बोलतात. वय साठीचं, साडीखाली पळायचे बूट. "घोळक्यानंच चालायचंय तर मिरवणूक काढा," म्हणत त्या सगळ्यांना मागे टाकायच्या.

एकदा चढावर बोलता बोलताच त्या कोसळल्या. मी पाणी शिंपडेपर्यंत उठून साडी झटकत म्हणाल्या, "बघताय काय? पडले, मेले नाही. उपास बाधला."

मागे जिना चढतानाही छातीत धडधडून अशाच पडल्या होत्या, हेही त्यांनी ऐटीत सांगितलं.

"माझा धाकटा भाऊ असाच पडून उठायचा," मी म्हणालो. "शेवटच्या वेळी उठला नाही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मग पाणी काय शिंपडताय? रिक्षा बोलवा."

तपासणीत हृदयाच्या स्नायूवर वण सापडला. ठोके बिघडले तर झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र डॉक्टरांनी त्यांच्या छातीत बसवलं. मी रुग्णालयात भेटायला गेलो.

"सोसायटीभर माझ्या सूचनांच्या पाट्या आहेत," त्या म्हणाल्या. "आणि हृदयानं दिलेली सूचना मी साबुदाण्यावर ढकलली."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"हे रक्ताच्या नात्यात असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ तसा गेल्यावर तुम्ही स्वतःला तपासून घेतलंत?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"अहो, तुम्हालाच विचारतेय," असं म्हणून त्या पलंगावरून पाय खाली सोडून चपला शोधू लागल्या. "डॉक्टर खालीच आहेत. चला, मी येते सोबत."