देवाच्या अंगीवरची रेघ

माझ्या वडिलांची, अप्पांची, कात्री कधी चुकत नसे आणि त्याची घमेंड त्यांना पुरेपूर होती. म्हैसूरच्या आमच्या विठ्ठल मंदिरात कार्तिकी एकादशीला देवाला नवी अंगी चढते, ती पिढ्यान्‌पिढ्या आमच्या शिंप्याच्या घरातून जाते. तिच्या कापडावर खडूची रेघ मारायची नाही, देवाच्या अंगाला डाग लागता कामा नये. नुसत्या नजरेनं कापायचं, अशी घरची रीत. मला खडूशिवाय सरळ कापता येत नाही. त्यामुळे वीस वर्षं अप्पांच्या शेजारच्या मशीनवर बसूनही मी त्या कापडाला कधी कात्री लावली नव्हती. हे मला लागायचं, पण सांगणार कुणाला?

त्या वर्षी एकादशीच्या दहा दिवस आधी आम्ही दोघं दिल्लीहून, माझ्या भावाकडून, परतत होतो. त्यानं हौसेनं विमानाची तिकिटं काढली होती. अप्पांना सडकून सर्दी. बंगळूरला विमान उतरू लागलं तसे त्यांचे कान गच्च झाले. शेजारच्या माणसानं सांगितलं, नाक दाबून हळूच फुंका. हळूच काही करणं अप्पांच्या स्वभावात नाही. गाल फुगवून त्यांनी असं फुंकलं की उजव्या कानात टक्‌ झालं आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"विमान उलटतंय गं," ते म्हणाले. विमान तर सरळ होतं.

म्हैसूरला घरी आल्यावरही तेच. उजव्या कुशीवर वळले की खोली गरगर फिरायची. चक्कर येतेय का, मी विचारलं की आमच्या कानडीमिश्रित मराठीत मला गप्प करायचे, "सुम्ने बस गं. थोडं तलेसुत्तु, मत्ते काय नाही."

एकादशी चार दिवसांवर आली. पिवळं रेशीम टेबलावर पसरून त्यांनी कात्री उचलली, वाकले, आणि टेबलाची कड धरून तसेच उभे राहिले. कपाळावर घाम. "कापड हलतंय," म्हणाले. अप्पांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रेशीम गुंडाळून ठेवलं आणि त्यांना रिक्षात घातलं.

कानाच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. पडदा सुजलाय, तो बसेल, म्हणाल्या; पण सर्दीत विमान नको, आणि जोरात फुंकणं तर नकोच. मग त्यांनी अप्पांचं डोकं उजवीकडे वळवून त्यांना झटकन आडवं केलं, डोकं कॉटच्या कडेखाली लोंबतं. अप्पांची बुबुळं मशीनच्या सुईसारखी टकटक उडू लागली. मी ओरडलेच. बाई शांत. बुबुळं थांबू दिली, मग डोकं सावकाश डावीकडे, मग सगळं अंग कुशीवर, मग उठवून बसवलं. पाच मिनिटं, बस्स. गोळी नाही, इंजेक्शन नाही. पुन्हा आडवं करून पाहिलं, तर बुबुळं जागच्या जागी.

"कानाच्या आत खडूचे बारीक कण असतात," त्या म्हणाल्या. "आपला तोल त्यांच्यावर. तुमचे थोडे घसरून भलत्या नळीत गेले होते, ते परत पाठवले."

मी थक्क झाले. एवढा ताठ माणूस, आणि उभा कशावर, तर डोळ्याला न दिसणाऱ्या चिमूटभर खडूवर! आणि या पोरसवद्या बाईनं नुसतं डोकं फिरवून त्याचं जग जाग्यावर बसवलं.

रिक्षात अप्पांनी उजव्या कानाला हात लावून पाहिला. "सगळ्यांच्याच कानात असतो हा खडू?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांच्याच, अप्पा."

घरी येऊन त्यांनी रेशीम पुन्हा पसरलं, कात्री घेतली, वाकले. हात स्थिर होता. मग त्यांनी कात्री खाली ठेवली, माझ्या मशीनच्या खणातून झिजून नखाएवढा झालेला निळा खडू काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"ज्यानं माणसाच्या डोक्यात खडू घालून पाठवलं, त्याला खडूचा विटाळ कसला? मार रेघ. तूच काप यंदा."

मी वाकले. डोळे भरून आले होते, पिवळं रेशीम खालीवर होत होतं.

"अप्पा, हलतंय."

"नाही हलत गं," ते म्हणाले. "मी धरलंय."