पदर उजव्या खांद्यावर

विसरले ना? वाटलंच मले.

सकाळपासून खानदानाच्या ग्रुपवर ढीगभर गुड मॉर्निंग पाठवले तुमी. कमलची आठवण एकालेही नाई.

कमल माही नणंद. मागच्या साली आजच्याच दिवशी गेली.

मले लिवता येत नाई. मी बोलून राहिली, नात टाइप करून राहिली. तिनं "पूज्य आत्याआजी" लिवलं होतं. खोडायले लावलं.

कमल पूज्य नव्हती. सिनेमाची वेडी होती.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. नवऱ्याचा मार खाऊन आलेली, अकोल्यात आमच्याकडे राहे. तंबूतला सिनेमा आला की तव्यावरची भाकर टाकून पळे. पुरुष पडद्यापुढं बसत, आमी बायका पडद्यामांगं.

गाण्याचं तिले काही नाई. ती हिरोईनचं झंपर पाये. तुमी ब्लाउज म्हणता ते. गळा, बाही, सारं डोळ्यात भरून घरी आणे अन् मशीनवर बसे.

मोहल्ल्यातल्या बाया शिवून घेऊ लागल्या.

माह्या मालकाले, म्हंजे तिच्या भावाले, पटे ना.

"सिनेमा पाहून कोनाचं पोट भरलं? एक जरी झंपर वापस आलं, तर तुले सासरी नेऊन घालतो."

अन् आलं वापस. वकिलीणबाईचं.

"अवं, बटनं डाव्या खांद्यावर कावून? सारी पदराखाली गेली ना!"

सिनेमात तर कमलनं तशीच पायली होती.

ध्यानात आलं? पडद्यामांगून सारं उलटं दिसते, उजवं ते डावं. नावाची अक्षरंही उलटी दिसत असतीन. पण आमाले सुलटी तरी कुठं वाचता येत होती!

मालकानं तिची कपड्याची पेटी दारात आणून ठेवली.

"माफी माग, अन् चाल सासरी."

कमलनं झंपर उचललं. आत गेली. अन् तेच घालून बाहेर आली.

पदर उजव्या खांद्यावर. डावीकडं बटनं चमचम.

"माह्या बाजूनं असंच दिसते, बाई. झंपर नाई बदलत मी. पदर बदला."

वकिलीणबाईचा हात आपल्या पदराकडं गेला.

"कुठं चालली?" मालक वरडले.

"सिनेमाले."

तशीच गेली. इंटरवलले बत्ती लागली, तं साऱ्या बाया तिच्याकडंच पाहून राहिल्या.

सकाळी दारात बाया हजर. "कमलबाई, आमाले उलटं झंपर पायजे." पेटी दारातच होती. दोघी तिच्यावरच बसल्या.

मी मालकाले म्हणलं, आता न्या पेटी. उठवा त्याइले.

मंग अमरावतीले, राजापेठेत दुकान टाकलं तिनं. घरही तिथंच बांधलं. नवा सिनेमा लागला की पयला खेळ तिचा, दुसऱ्या दिवशी कात्री.

आता तुमी शिकवता, पॅशनचं करिअर करा म्हणून. लाइक करता.

तिनं केलं, तवा याच खानदानानं तिले वाया गेलेली म्हणलं. गेली वाया. झकास गेली. कोनाले काही म्हणायचं असन तं खाली कमेंटात म्हणा, नात वाचून दाखवते मले.

कमल, जाय बाई. तू आपल्या सोताच्या घरातून गेली, त्या मारकुट्याच्या दारातून नाई. माही श्रद्धांजली एवढीच.

बाकीच्याइनं फोटोले हार पाठवू नका. दुकानातल्या पोरी आजही मशीनवर आहेत. त्याइच्यासाठी सांबारवड्या पाठवा, तुमी कोथिंबिरीच्या वड्या म्हणता त्या.

गरम पाठवा. अन् तिखटाले हात आखडू नका.